एकच मेसेज तीनदा गेला, त्याची गोष्ट

गूगल शीटमधून ग्राहकांना आपोआप एसएमएस आणि रेकॉर्डेड व्हॉइस कॉल कसे पाठवायचे, ते व्हिडिओत दाखवलंच आहे. घाईत एक गोष्ट सुटली, ती इथे सांगते. तिच्यापायी माझी चांगलीच फजिती झाली होती.

माझं साड्यांचं दुकान, सोबत ब्लाऊज शिलाई. शीटमध्ये नाव, मोबाईल नंबर आणि बाकी रक्कम. ॲप्स स्क्रिप्टमधला कोड एकेक ओळ वाचतो आणि मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या एपीआयला कळवतो. मग 'ब्लाऊज तयार आहे, बाकी इतके रुपये' असा एसएमएस जातो. वाचायला जड जातं त्यांना तेच माझ्या आवाजात फोनवर.

दिवाळीआधी चारशेच्या वर ओळी झाल्या होत्या. कोड चालू केला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून काउंटरवर गेले. परत येऊन बघते तर लाल अक्षरात एरर! पुन्हा रन दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही दाबलं.

संध्याकाळी एक जुन्या मावशी पावती घेऊनच आल्या. "अगं, सकाळीच दिले ना पैसे? तीन-तीनदा काय मागतेस? चारचौघांत बसले होते मी." पैसे वहीत लिहिले होते, शीटमध्ये नाही.

झालं असं, की साध्या जीमेल खात्यावर स्क्रिप्ट एका वेळी 6 मिनिटंच चालते. प्रत्येक ओळीला सेकंदभर लागला तरी साडेतीनशेच्या आसपास गाडी थांबणार. माझा कोड दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरू होत होता. म्हणजे वरच्यांना तीनदा मेसेज, आणि खालच्यांना एकदाही नाही!

आता शीटमध्ये 'स्थिती' हा कॉलम आहे. तो रिकामा आणि बाकी शून्याच्या वर असेल तरच कोड पुढे जातो. पाठवण्याआधी तिथे 'चालू' लिहितो, उत्तर आलं की 'गेला'. नुसतं 'चालू' राहिलं तर मी स्वतः तपासते, कारण उत्तर आलं नाही तरी मेसेज पोचलेला असू शकतो. आणि लिहिल्यावर लगेच फ्लश कमांड द्या, नाहीतर शीटमधले बदल मागे साचून राहतात.

डीएलटी पोर्टलवर हेडर आणि टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं, हे माहीत असेलच. मंजूर मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला की मेसेज अडकतो. मराठी एसएमएसला 70 अक्षरांची मर्यादा, इंग्रजीला 160. काना-मात्रा वेगळ्या मोजतात बरं का! 70 च्या पुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे.

हल्ली मी आधी फक्त माझा आणि नवऱ्याचा नंबर टाकून कोड मुद्दाम दोनदा चालवते. दुसऱ्यांदा फोन वाजला तर काहीतरी चुकलंय.

मावशींना दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "तूच बोलतेयस ना, की ते मशीन?"