राखीगढीची स्त्री

डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ प्रा. वसंत शिंदे व सहकारी यांचा हरियाणातील राखीगढीविषयीचा शोधनिबंध सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उष्ण हवामानात प्राचीन डीएनए क्वचितच टिकतो. ६१ नमुने तपासल्यावर केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून उपयुक्त सामग्री हाती आली. तीत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नाही. यावरून आर्यांचा प्रश्न निकालात निघाल्याचा गवगवा झाला, तो अनाठायी होय. ती स्त्री त्या संभाव्य स्थलांतराच्या पूर्वकालीन आहे. अधिक मोलाचा निष्कर्ष निराळाच. तिच्यातील इराणशी निगडित वंशधारा तेथे शेती सुरू होण्यापूर्वीच विलग झाली होती. त्यामुळे इराणी शेतकऱ्यांच्या मोठ्या स्थलांतरातून येथे शेती आली, हे जुने मत डळमळते.