कोऱ्या उत्तराला उघडणारे कुलूप : जुना संगणक घेताना एवढे पाहा

आपल्या वस्त्यांतून आज संगणक पोचला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो बहुतेक वेळा नवा नसतो. एखाद्या कंपनीने किंवा बँकेने तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला डेल, एचपी किंवा लेनोव्होचा लॅपटॉप दुकानदार पुसूनपासून विकतो आणि आपला गिरणीतला, रेल्वेतला, सफाई खात्यातला किंवा नाक्यावरचा बाप पोरांच्या शिक्षणासाठी हप्त्याने तो घरी आणतो. विहाराच्या अभ्यासिकेलाही देणगीत असेच संगणक मिळतात. त्यांत काही वाईट नाही. कचेरीसाठी बनवलेले यंत्र दणकट असते, दुरुस्तीही होते. मात्र अशा यंत्रांत एक जास्तीचा भाग असतो, आणि त्याची माहिती आपल्या मुलामुलींना हवी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

संगणकाच्या आतला दुसरा संगणक

ज्या कंपनीत पाच हजार संगणक आहेत तिथे प्रत्येक टेबलाशी जाऊन दुरुस्ती करणे परवडत नाही. म्हणून इंटेल कंपनीने आपल्या चिपसंचातच एक छोटा स्वतंत्र संगणक बसवला. त्याचे नाव मॅनेजमेंट इंजिन. धंद्यासाठी बनवलेल्या यंत्रांत या इंजिनावर अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, म्हणजे एएमटी, नावाची सोय चालते. यंत्रावर व्हीप्रोचे लेबल असेल तर ही सोय आत आहे असे समजावे.

या सोयीने दूर बसलेला अधिकारी संगणक चालू-बंद करू शकतो, दुसऱ्या जागेवरून सुरू करू शकतो, कळफलकाचा ताबा घेऊ शकतो आणि अनेक यंत्रांत पडदाही पाहू शकतो. यंत्र बंद दिसत असले, पण वीज आणि नेटवर्कची तार जोडलेली असली, तरी हा आतला संगणक जागा राहू शकतो. त्याचा कार्यक्रम हार्डडिस्कवर नसतो. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला असतो. अशा कार्यक्रमाला फर्मवेअर म्हणतात. म्हणून विंडोज नव्याने टाकले, डिस्क बदलली, अँटिव्हायरस बसवला, तरी त्याला काही फरक पडत नाही.

मे २०१७ मध्ये काय उघड झाले

१ मे २०१७ रोजी, म्हणजे नेमकी कामगार दिनी, इंटेलने जाहीर केले की या सोयीत गंभीर दोष आहे. तो एम्बेडी या संस्थेतील संशोधक माक्सिम माल्युतिन यांनी शोधला होता. त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१७-५६८९. एएमटीच्या ६ पासून ११.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता. म्हणजे सुमारे सात वर्षे बाजारात गेलेल्या यंत्रांत तो बसलेला होता. दहापैकी ९.८ इतकी त्याची तीव्रता ठरवली गेली.

या जातीच्या दोषाला अधिकारवाढीचा दोष म्हणतात. ज्याला फक्त ओट्यावर बसण्याची मुभा आहे, त्याने कुणालाही न विचारता तिजोरीचा ताबा घ्यावा, तसा हा प्रकार.

दोष कसा होता ते ऐकले तर हसावे की रडावे कळत नाही. एएमटीच्या दारावर पासवर्ड विचारला जातो. पासवर्डवरून तयार झालेली अक्षरांची एक माळ पाहुणा पाठवतो, आणि आतला कार्यक्रम ती आपल्याकडच्या माळेशी ताडून पाहतो. पण किती अक्षरे ताडायची, हे तो पाहुण्याने पाठवलेल्या लांबीवरून ठरवत होता. पाहुण्याने दहा अक्षरे पाठवली तर दहा तपासायची. पाहुण्याने काहीच पाठवले नाही तर शून्य अक्षरे तपासायची. शून्य अक्षरांत चूक निघणार कुठून? दार उघडले! शुद्धलेखनात मुलाने लिहिले तेवढेच शब्द तपासायचे असे गुरुजींनी ठरवले, तर कोरी पाटी आणणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. तेच इथे झाले. ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि कोरे उत्तर, एवढ्यावर यंत्राचा पूर्ण ताबा.

आमच्या वाचकांना इथे एक गोष्ट खटकल्याशिवाय राहणार नाही. आपल्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, सारे पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. एका अक्षराचा फरक निघाला तर फॉर्म परत येतो. आणि ते सारे कागद ज्या यंत्रात ठेवायचे, त्याचे दार मात्र कोऱ्या कागदावर उघडत होते.

भिऊ नका, पण समजून घ्या

भीती पसरवणे हा आमचा हेतू नाही. नेटवर्कवरून हा हल्ला तेव्हाच होतो, जेव्हा एएमटी चालू करून ठेवलेली असते. घरगुती वापरासाठी म्हणून विकलेल्या साध्या यंत्रांना हा दोष नव्हता. पण इंटेलने दुसरी वाटही सांगितली होती. यंत्रावर साध्या वापरकर्त्याचा अधिकार असलेला माणूस, परवानगी नसताना, ही सोय स्वतः चालू करून घेऊ शकत होता. शिवाय आपला लॅपटॉप जुन्या कंपनीतून येतो. तिथल्या अधिकाऱ्याने सोय चालू केली असेल, तर ती तशीच आपल्या घरात येऊ शकते.

पुढे २० नोव्हेंबर २०१७ रोजी मॅनेजमेंट इंजिनातलेच आणखी दोष जाहीर झाले. त्यांत सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिढीचे कोअर प्रोसेसर होते, म्हणजे घरगुती यंत्रेही आली. जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर कंपनीचे हॅरी सिंटोनेन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. या सोयीचा कारखान्यातला पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ हाच असतो आणि पुष्कळ जण तो बदलत नाहीत. लॅपटॉप मिनिटभर हाती आला तरी कोणी तो बदलून ताबा आपल्याकडे घेऊ शकतो.

दुरुस्ती कशी करावी

खंडेनवमीला संगणकाला हार घालणाऱ्या कचेऱ्या आपण पाहिल्या आहेत. हाराने कुलूप दुरुस्त होत नाही. आपण कारण शोधणारे लोक आहोत, म्हणून क्रमाने करू या.

पहिले : महत्त्वाचे कागद आणि फोटो पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. यंत्राचे मॉडेल आणि पाठीवरचा क्रमांक वहीत लिहा.

दुसरे : यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा आणि सुरू होतानाच कंट्रोल आणि पी ही बटणे एकत्र दाबा. काही यंत्रांत एफ-१२ च्या यादीतून आत जावे लागते. मॅनेजमेंट इंजिनचा पडदा आला तर ‘अ‍ॅडमिन’ टाकून पाहा. आत गेलात तर लगेच नवा पासवर्ड द्या. त्यात किमान आठ खुणा हव्यात, मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक आणि चिन्ह मिळून. ‘अ‍ॅडमिन’ चालले नाही तर आधीच्या मालकाने पासवर्ड ठेवला आहे. मग दुकानदाराकडून तो काढून घ्या. त्याशिवाय पैसे पुरते देऊ नका.

तिसरे : एएमटी आपल्या घरी लागत नाही. बायोसमध्ये ती अनकॉन्फिगर करून बंद करण्याचा पर्याय असतो, तो वापरा. विंडोजच्या सेवांच्या यादीत लोकल मॅनेजेबिलिटी सर्व्हिस असेल तर तीही बंद ठेवा.

चौथे : खरी दुरुस्ती म्हणजे नवे फर्मवेअर. ते संगणक बनवणाऱ्या कंपनीकडून येते, विंडोजच्या नेहमीच्या अपडेटवर विसंबू नका. त्या कंपनीच्या मदत पानावर मॉडेल टाका, बायोस आणि मॅनेजमेंट इंजिन फर्मवेअर शोधा आणि त्यातले सर्वांत नवे घ्या. नोव्हेंबर २०१७ च्या आधीचे पुरेसे नाही. भलत्या ठिकाणाहून फुकटचे काही उतरवू नका.

पाचवे : फर्मवेअर टाकताना चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी. मधेच वीज गेली किंवा कोणी बटण दाबले, तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. वीज जाण्याच्या वेळी हे काम करू नका. लहान मुलांना जरा दूर ठेवा.

सहावे : काम झाल्यावर आवृत्ती तपासा. मे २०१७ च्या दोषासाठी खूण अशी : आवृत्तीच्या शेवटच्या चार आकडी गटाची सुरुवात ३ ने झाली की त्यात ती दुरुस्ती आहे. इंटेलने तपासणीचे कार्यक्रमही दिले होते. संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी ते चालवू शकेल.

कंपनीने त्या मॉडेलसाठी दुरुस्ती दिलीच नसेल, तर सोय बंद ठेवणे हाच उपाय. अभ्यासिकेत एका राउटरवर दहा यंत्रे असतील तर १६९९२ ते १६९९५ हे दरवाजे राउटरवरच बंद करावेत. विंडोजची फायरवॉल इथे उपयोगी नाही, कारण तो निरोप विंडोजपर्यंत पोचण्याआधीच आतला संगणक उचलून घेतो.

वर्षावासातला एक रविवार

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तरुण मंडळी जमतात. त्यांतला एक रविवार या कामाला द्यावा, अशी आमची सूचना आहे. इंजिनिअरिंग किंवा आयटीआय शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वस्तीतली यंत्रे एकेक करून तपासावीत आणि वहीत नोंद ठेवावी. मुलींना मागे बसवू नका, बटण त्यांच्याच हाती द्या. दुकानदार म्हणाला ‘सगळे ठीक आहे’ तरी आपण उघडून पाहावे. कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते यंत्रालाही लागू आहे.

पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या यंत्राची चावी आपल्याच हाती असली पाहिजे.

जयभीम!