चौकट उचलण्याचा बंदोबस्त

पडद्यावर अर्जाचा नमुना मांडणाऱ्यास, माऊसने एखादी चौकट उचलावी, हवी तेथे ठेवावी आणि काठाला धरून लहानमोठी करावी, यात नवल असे काही वाटत नाही. पण ही मुभा त्याला मिळवून देण्याचे काम ज्याच्या अंगावर पडते, त्यालाच एवढ्याशा हालचालीमागे किती बंदोबस्त लागतो हे कळते. अ‍ॅलन कूपर यांनी मायक्रोसॉफ्टला विकलेल्या रचनेच्या आधारे १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आले आणि ही सोय प्रोग्रॅमरच्या हाती पडली. तीच पुढे आपल्या ग्राहकालाही द्यावयाची, तर पहिला पेच पडतो तो बटणाचा. दाबताच हुकूम बजावणे हा बटणाचा धर्म. मांडणीच्या वेळी मात्र त्याने मुकाट्याने उचलले गेले पाहिजे. म्हणून साऱ्या नमुन्यावर एक पारदर्शक थर अंथरून माऊसची प्रत्येक वर्दी प्रथम तेथे रुजू करून घ्यावी, हीच तजवीज मला अनुभवाने सर्वांत निर्वेध वाटली आहे.

चौकट कोपऱ्यापासून किती अंतरावर धरली, हे दाबण्याच्या क्षणीच टिपले नाही, तर ओढू लागताच ती टुणकन उडून आपला कोपरा बाणाच्या टोकाशी आणते. नुसते निवडताना हात थरथरला म्हणून ती सरकू नये, यासाठी विंडोजमध्ये एरवी चार पिक्सेलांची सूट असते, तीही पाळावी. ग्रिडचे, म्हणजे चौकट ज्या ठरावीक अंतराच्या जाळीवर बसवायची तिचे, प्रकरण अधिक नाजूक. व्हिज्युअल बेसिकचा ग्रिड मुळात १२० ट्विपांचा, म्हणजे नेहमीच्या पडद्यावर आठ पिक्सेलांचा. माऊसच्या दोन-तीन पिक्सेलांच्या प्रत्येक हालचालीला स्वतंत्रपणे ग्रिडवर बसवू गेले, तर दर वेळी उत्तर शून्य येते आणि चौकट जागची हलत नाही. हिशेब नेहमी मूळ स्थानापासूनच्या एकूण अंतराचा करावा.

आकार बदलण्यासाठी भोवती आठ हँडले असतात. उजवीकडची व खालची भोळी. खरी परीक्षा डावीकडची आणि वरची घेतात, कारण तेथे आकाराबरोबर स्थानही बदलते, आणि किमान रुंदी गाठल्यावर डावा काठही तेथेच थोपवला नाही, तर आक्रसलेली चौकट हातगाडीसारखी उजवीकडे ढकलली जाऊ लागते.

अशी सोय करणाऱ्यांना एकच विनंती: बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवण्याची तरतूद अवश्य ठेवा, आणि एक पूर्ण ओढणे कन्ट्रोल-झेडच्या एकाच फटक्यात मागे फिरू द्या.