आठ महिन्यांचं कुत्रं ऐकत का नाही?



गटाची बैठक संपली, हप्ते वहीत लिहून झाले की बाया घरच्या गोष्टी काढतात. श्रावण लागला की त्यात एक तक्रार हमखास असते. "ताई, संक्रांतीला आणलं तेव्हा पिल्लू पायात पायात राहायचं. हाक मारली की धावत यायचं. आता नाव घेतलं तर वळून पाह्यते अन् सरळ निघून जाते." दुसरी म्हणते, "माझंच ऐकत नाही. शेजारच्या पोरानं बोलावलं तर जाते. भाकर मात्र मीच टाकतो."

यावर लोकांचे तीन उपाय ठरलेले असतात. कुत्र्याला चोप द्यायचा, दिवसभर साखळीला बांधायचं, नाहीतर बाजाराच्या दिवशी दूर नेऊन सोडून द्यायचं. आज आपण हे समजून घेऊ, की कुत्रं असं का वागतं आणि या तीन गोष्टींऐवजी काय करायचं.

आधी एक खात्री करा. कुत्र्याच्या कानात गोचीड किंवा जखम नाही ना? ताप नाही ना? आणि वागणं जर दोन-चार दिवसांत एकदम बदललं असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, उगाच चावायला येत असेल, तर ते वयाचं लक्षण नाही. त्याला हात न लावता, पोरांना दूर ठेवून, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तो पिसाळण्याचा आजार असू शकतो.

तसं काही नसेल, खाणंपिणं खेळणं नीट असेल आणि फक्त हाक ऐकत नसेल, तर त्याचं वय मोजा. बहुतेक वेळा ते सात ते दहा महिन्यांचं निघतं. कुत्रं साधारण सहा-सात महिन्यांचं झालं की वयात येऊ लागतं. शरीरातले हार्मोन बदलतात. पिल्लू असताना त्याचं जग म्हणजे आपलं अंगण असतं. आता त्याला चार गल्ल्यांचा वास येतो, दुसरी कुत्री खुणावतात, रोही आणि डुकराचा माग लागतो. तुमची हाक त्याच्या कानावर पडते, पण त्या वेळी नाकासमोरचा वास तिच्यापेक्षा मोठा ठरतो.

यावर इंग्लंडमध्ये अभ्यास झाला आहे. न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सोबत्यांनी तो २०२० मध्ये छापला. अंध माणसांना वाट दाखवण्यासाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांपैकी ६९ कुत्र्यांना त्यांनी पाच महिन्यांचं असताना आणि पुन्हा आठ महिन्यांचं झाल्यावर 'बस' म्हणून पाहिलं. आठव्या महिन्यात ही कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती. अनोळखी माणसानं सांगितलं तर मात्र बसत होती. म्हणजे शिकलेलं ती विसरली नव्हती. वर्षाची झाल्यावर त्यांचं वागणं पुन्हा सुधारलं.

मैत्रिणींनो, हे ऐकून घरातली पोरं आठवली ना? शाळेत मास्तरांपुढे गुणी आणि घरी आईला उलट उत्तर. कुत्र्याचंही तसंच आहे. भाकर टाकणारी तुम्ही, तर ते तुमच्याकडेच दुर्लक्ष करणार. ते बेइमान झालं असं समजून मनाला लावून घेऊ नका. हे वय आहे आणि ते काही महिन्यांत सरतं.

आता आपल्या भागातली अडचण बघा. 'भादव्यातलं कुत्रं' असं आपण उगाच म्हणत नाही. पावसाळ्याच्या शेवटी गावातल्या कुत्र्या माजावर येतात. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. त्यातलं एक आपण घरी आणतो. ते आठ महिन्यांचं होतं आषाढ ते भाद्रपदात. त्याच वेळी वावरात निंदण आणि डवरणी सुरू असते, पोरं शाळेत जाऊ लागलेली असतात आणि घरात कुणाला सवड नसते. गावात पुन्हा कुत्र्यांचा माजाचा काळ आलेला असतो. कुत्र्याला सर्वांत जास्त लक्ष हवं असतं, नेमकं तेव्हा ते देणारं कुणी नसतं. म्हणून कुत्रं सोडून द्यायच्या गोष्टी याच दिवसांत जास्त निघतात.

आता काय करायचं ते सांगते. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. सकाळी वावरात जाण्याआधी पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाच मिनिटं पुरतात.

पहिली गोष्ट, हाक वाया घालवू नका. "मोती, मोती, ए मोती" असं दहादा ओरडलं की कुत्रं एवढंच शिकतं, की हा आवाज नुसता होत राहतो, त्याचं काही करायचं नसतं. एकदाच हाक मारा. नाही आलं तर टाळी वाजवून उलट दिशेनं चालू लागा. मागे धावलात तर त्याला तो खेळ वाटतो, दूर चालू लागलात तर बहुतेक वेळा ते मागे येतं. ते दुसऱ्या कुत्र्याशी भिडलेलं असेल आणि येणार नाही हे दिसतच असेल, तर हाक मारूच नका, जवळ जाऊन धरा.

दुसरी गोष्ट, आल्यावर कधीच मारू नका. कुत्रं तासभर फिरून आलं आणि आपण रागानं काठी घातली, तर ते काय शिकतं? फिरल्याबद्दल मार बसला हे त्याला कळत नाही. तुमच्याजवळ आलं म्हणून मार बसला एवढंच कळतं. उद्या ते आणखी लांबून बघेल. कितीही उशिरा येवो, "आलास? शहाणा!" म्हणा, भाकरीचा तुकडा द्या, पाठीवरून हात फिरवा. हाताच्या मायेलाही किंमत आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला कुत्र्यांना खाण्यापेक्षा कुरवाळणं जास्त उपयोगी पडलं.

तिसरी गोष्ट, फक्त बांधायलाच बोलावू नका. पाच वेळा बोलावलंत तर चार वेळा काहीतरी देऊन पुन्हा मोकळं सोडा. पाचव्या वेळी बांधा. हे आपल्या बचतीसारखंच आहे. रोज थोडं टाकत राहिलो, तर अडीअडचणीला काढता येतं.

चौथी गोष्ट, लांब दोर. साखळीऐवजी रुंद पट्ट्याला पंधरा-वीस हातांची सुती दोरी बांधा आणि बांधावर सोबत न्या. हाक मारा, नाही आलं तर दोरी हळूहळू ओढून जवळ घ्या आणि आल्यावर खाऊ द्याच. झटका देऊ नका. दोरी लावलेलं कुत्रं एकटं सोडू नका, ती तुरीत किंवा विहिरीच्या कठड्याला अडकते.

पाचवी गोष्ट, घरात सगळ्यांचा एकच शब्द ठेवा. आजी "यू यू" करते, धनी शीळ घालतो, पोरं "कम" म्हणतात, मग कुत्र्यानं काय समजावं? एक शब्द ठरवा आणि त्याच्या जोडीला हाताची खूण करा. गावठी कुत्र्यांना खूण चांगली कळते. २०२० मध्ये कोलकात्याच्याच अभ्यासात, जवळ आलेल्या दहांपैकी साधारण आठ कुत्री बोट दाखवलेल्या वाटीकडे गेली. त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि पोरांना एक सांगा, गंमत म्हणून कुत्र्याला बकऱ्यांवर "छू" करायचं नाही. या वयात लागलेली ती चटक पुढे सुटत नाही. शेजारणीची बकरी गेली की भांडण होतं आणि एखाद्या बाईचं कर्जावर घेतलेलं जनावर जातं.

नसबंदीबद्दलही विचारणा होते. त्यानं भटकणं आणि माजातली भांडणं कमी होतात, नको असलेली पिल्लं होत नाहीत. पण हाक ऐकायला ऑपरेशन शिकवत नाही, ते आपल्यालाच शिकवावं लागतं. योग्य वय पशुवैद्यकांना विचारा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी द्या, कारण भटकणारं कुत्रं दुसऱ्या कुत्र्यांकडून चावून घेतं. घरातल्या कुणाला कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, मग ते घरचं का असेना, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा. वर तिखट, चुना, हळद लावू नका.

आता सोडून देण्याबद्दल. माहूरच्या दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण हात जोडतो. घरचं कुत्रं मात्र पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर टाकायला मागेपुढे पाहत नाही. परक्या गावातली कुत्री त्याला फाडतात, गाड्यांखाली ते येतं, नाहीतर भुकेनं कुणाच्या कोंबड्या धरतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला असं उपाशी मरायला टाकणं गुन्हा आहे, आणि आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणंही.

हाक ऐकणारं कुत्रं आपल्याकडे हौसेची गोष्ट नाही. पांढरकवड्याकडे टिपेश्वरच्या कडेला ज्यांची वावरं आहेत, त्यांना हे सांगायला नको. डुकरांसाठी कुणी तारेत वीज सोडलेली असते, झुडपात बिबट्या असतो. अशा वेळी एका हाकेत परतणारं कुत्रं वाचतं, आणि त्याच्या मागे धावणारं आपलं पोरगंही वाचतं.

म्हणून ज्यांच्या घरी आज सात-आठ महिन्यांचं कुत्रं आहे, त्यांनी दिवाळीपर्यंत धीर धरावा. रोजची दहा मिनिटं द्यावीत. कापसाची वेचणी सुरू होईल, हरभरा उगवून येईल, जागलीला जायची वेळ येईल, तोवर ते वर्षाचं होत आलेलं असेल. तेव्हा रात्रीच्या वावरात तुम्हाला सोबत लागेलच, ती घरचीच असू द्या.