पैलतीरावरचे महेश्वर

नर्मदेच्या परिक्रमेत महेश्वर दोनदा भेटते; पहिल्यांदा केवळ दृष्टीला. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावी आणि तिचे पात्र मध्ये कोठेही ओलांडू नये, हा परिक्रमेचा नियम. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने पश्चिमेस निघालेला पदयात्री काही दिवसांत नावडातोलीला येतो. येथेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५० च्या दशकात डॉ. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. समोर महेश्वरचा किल्ला आणि घाटाच्या रुंद पायऱ्या. होडीने अंतर काही मिनिटांचे! मात्र परिक्रमावासीयाला ती होडी वर्ज्य. सागरसंगमाला वळसा घालून, उत्तर तटाने शेकडो किलोमीटर परत आल्यावरच त्याचे पाऊल या घाटाला लागते.

या दोन भेटींमधली वाट आता पूर्वीची राहिलेली नाही. २०१७ मध्ये लोकार्पण झालेल्या सरदार सरोवराच्या जलाशयाने शूलपाणीच्या झाडीतील जुना काठमार्ग गिळला. नंदुरबार जिल्ह्यातून जाणारे पदयात्री आता सातपुड्याच्या डोंगरवाटा चढतात. नदी उजवीकडे असते खरी, पण दिवसेंदिवस दिसत नाही. म्हणूनच महेश्वरच्या घाटावर तिचे पुन्हा जवळून होणारे दर्शन मोलाचे वाटते.

चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाई होळकरांनी, १७६७ पासून १७९५ पर्यंत येथूनच राज्यकारभार पाहिला. त्या काळी सदावर्तांना राजाश्रय होता. पैसा न बाळगता निघालेल्या यात्रिकाला शिधा द्यावा, ही रीत नर्मदाकाठी आजही पाळली जाते. तारण नाही, जामीनदार नाही, परतफेडीची मुदतही नाही. आमच्या पतधोरणात न बसणारा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या थकीत झालेला नाही! आता अनेकांच्या झोळीत एटीएम कार्ड असते, ही गोष्ट वेगळी. तरीही शिधा नाकारणे अनुचितच मानतात.

गावाचा स्वतःचा चरितार्थ हातमागावर चालतो. अहिल्याबाईंनी विणकरांना येथे वसविले. विसाव्या शतकात मंदावलेल्या या कलेला १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या रेहवा सोसायटीने नवे बळ दिले. किल्ल्याच्या दगडातील नक्षी साडीच्या काठावर उतरते. बसने परिक्रमा करणारी कुटुंबे या साड्या हौसेने घेतात. पायी चालणारा दुकानाच्या पायरीपाशी क्षणभर थबकतो, एवढेच. झोळीतले वजन त्याचे त्यालाच वाहायचे असते आणि दिवस मावळण्यापूर्वी मंडलेश्वर गाठायचे असते.