क्रॉसिंगला थांबलेली गाडी आणि अनंत

परभणी–परळी लोहमार्ग एकेरी. समोरून गाडी येत असेल, तर दोघींपैकी एकीने स्थानकात बाजूच्या रुळावर थांबायचं. गंगाखेडला गाडी रखडली की डब्यात कुणीतरी न विचारताच सांगतं, "क्रॉसिंग आहे." हा सगळा प्रकार गणितात मांडून संगणकावर चालवता येतो. आणि तसं करताना काळाचं जे काही होतं, ते बघण्यासारखं असतं.

समजा, परभणीची गाडी १०:४० ला गंगाखेडला पोचते, परळीची १०:५० ला. प्रोग्रामकडे एक यादी असते: कोणती घटना, किती वाजता. त्यातली सर्वांत आधीची घटना तो उचलतो, घड्याळ तिच्या वेळेवर नेतो, तिच्यातून निघणाऱ्या नव्या घटना यादीत टाकतो आणि पुन्हा सर्वांत आधीची उचलतो. १०:४० नंतर घड्याळ थेट १०:५० वर! मधली दहा मिनिटं, त्यातल्या चहासकट आणि खिडकीच्या जागेवरून झालेल्या भांडणासकट, त्याच्या लेखी नसतातच.

बर्नार्ड झायग्लर या शास्त्रज्ञाने १९७६ च्या ग्रंथात याचं काटेकोर गणित मांडलं. त्याला 'डेव्ज' म्हणतात. प्रत्येक घटकाबद्दल ते थोडंच विचारतं: सध्याची स्थिती काय? ती किती वेळ टिकेल? वेळ संपल्यावर पुढे काय? मध्येच बाहेरून बातमी आली तर काय? आणि आपण बाहेर काय कळवायचं?

आता थांबलेली गाडी घ्या. तिची स्थिती 'प्रतीक्षा'. ती किती वेळ टिकेल? गणिताचं उत्तर आहे, अनंत. गाडी आपणहून हलणार नाही. पुढचा मार्ग मोकळा झाल्याची बातमी आली तरच हलेल. (डब्यातल्या प्रवाशांना हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही.) पण कोडमध्ये अनंत लिहायचं कसं? बहुतेकदा लिहायचंच नाही. त्या गाडीची पुढची घटना यादीत टाकायचीच नाही, बस्स. गणितातलं एवढं थोरलं अनंत एका न केलेल्या नोंदीत मावतं!

आज मुलं प्रोग्रामिंगमध्ये 'क्लास' (एकाच प्रकारच्या वस्तूंचा साचा) लिहितात, तोही याच कामातून आला. ओस्लोच्या क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी असे प्रकार संगणकावर चालवून बघण्यासाठी, म्हणजे सिम्युलेशनसाठी, सिम्युला भाषा घडवली, आणि १९६७ च्या आवृत्तीत क्लास अवतरला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत नारायण रंगराज, अभिराम रानडे आणि सहकाऱ्यांनी रेल्वेमार्गाची क्षमता अजमावणारा सिम्युलेटर बनवला. असलेल्या रुळांवर आणखी किती गाड्या बसतील, हा त्यातला कळीचा प्रश्न.

खरी गंमत यादीतल्या दोन घटना एकाच क्षणी आल्या की होते. आधी कुणाला उचलायचं? झायग्लर यांच्या मूळ मांडणीत त्यासाठी निवडीचा नियम द्यावा लागे. १९९४ मध्ये सुधारित रूप आलं, त्यात घटकाची स्वतःची वेळ संपणं आणि बाहेरची बातमी एकदम आल्यास काय करायचं, याचा स्वतंत्र नियम आहे. कागदावर प्रश्न मिटला. यंत्रात मात्र वेळा एकच आहेत हेच कधीकधी कळत नाही. सहा मिनिटं म्हणजे ०.१ तास, बारा म्हणजे ०.२. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत साठवतो, तिथे ते नेमके बसत नाहीत, बेरीज ०.३ पेक्षा केसभर जास्त भरते. मग एकीची वेळ अशा बेरजेतून आणि दुसरीची थेट ०.३ अशी आली, तर एकाच क्षणी पोचलेल्या दोन गाड्यांपैकी एक उगाचच 'उशिरा' ठरते. म्हणून जाणकार तासांचे अपूर्णांक टाळून सरळ सेकंद मोजतात. ३६० आणि ७२० मिळून १०८० च होतात.