मित्राच्या गाडीचं इंजिन बांधताय? आधी मोजमाप आणि हिशेब, मग मैत्री

पापडी (वसई) : वसई पट्ट्यातली भाजी, फुलं, केळी मुंबईच्या बाजारात न्यायची, तर छोटा टेम्पो लागतोच. त्याचं इंजिन बसलं की घरची कमाईही बसते. अशा वेळी मेकॅनिकी जाणणारा मित्र म्हणतो, "आण गाडी, मी बांधून देतो." मजुरी वाचते, पण काम बिघडलं तर गाडीही उभी राहते आणि दोघांचं बोलणंही बंद होतं. हे टाळायचं असेल तर काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात.

खोलण्याआधी कारण शोधा

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, लाइनर किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले असू शकतात. दाट पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी सतत कमी होणं, हे हेड गॅस्केटचं लक्षण. काळा धूर मात्र अनेकदा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा डिझेल पंप-नोझलमुळे येतो. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते. म्हणून आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. जुलै 2018 च्या पुरात वसई-विरारमध्ये रस्ते आणि रेल्वे रूळही पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि छोटं काम मोठं होतं.

अंदाजाने नाही, मापाने

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "नवीन रिंग टाकल्या, झालं" असं होत नाही. सिलिंडर झिजून लंबगोल झाला असेल तर नवीन रिंग नीट बसत नाही आणि गाडी पुन्हा ऑइल खाते. लेथवाल्याकडे माप घेऊन बोअर करायचं की फक्त होनिंग, ते ठरवावं. बोअर केलं तर त्याच मापाचा मोठा पिस्टन लागतो.

बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक असते. ती बोटाने कळत नाही. फट जास्त झाली तर ऑइलचा दाब पडतो, कमी झाली तर क्रँक जाम होतो. बेअरिंगच्या टोप्या खोलतानाच नंबर आणि दिशा लिहून ठेवाव्यात. त्या आपापल्या जागीच बसल्या पाहिजेत.

हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. लेथवरून आलेला ब्लॉक धुऊन ऑइलच्या वाटा हवेने साफ कराव्यात. आत राहिलेला लोखंडाचा कीस नवीन बेअरिंग खातो.

जुनं दुखणं तसंच ठेवू नका

गाडी गरम होऊन इंजिन बसलं असेल आणि रेडिएटर तुंबलेलाच राहिला, तर नवीन इंजिनही त्याच वाटेने जातं. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ऑइल पंप आणि एअर फिल्टर याच वेळी तपासावेत.

हिशेब मोबाइलवर लिहा

इंजिन खोलल्याशिवाय खर्चाचा नेमका आकडा कोणीच सांगू शकत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत ठरवावं. आधी फक्त खोलून माप घ्यायचं. मग पार्टची यादी, लेथचा खर्च आणि मजुरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दोघांनी होकार द्यायचा. पार्टची बिलं आणि जुने पार्ट मालकाकडे द्यावेत. मजुरी घ्यायची नसेल तर तेही आधीच सांगावं. पुन्हा बिघाड झाला तर पार्टचे पैसे कोणाचे, हेसुद्धा आधीच ठरवलेलं बरं.

ब्लॉकच बदलावा लागला तर इंजिन नंबर बदलतो. हा नंबर आरसीवर असतो. त्यामुळे आधी आरटीओत चौकशी करावी आणि बदलाची नोंद करून घ्यावी. नाहीतर पासिंग, विमा आणि विक्री, तिन्ही वेळेस अडचण येऊ शकते. जुना ब्लॉक घेताना त्याची कागदपत्रंही तपासावीत.

पहिल्यांदा चालू करताना

आधी डिझेल बंद ठेवून थांबून-थांबून स्टार्टर मारावा आणि ऑइलचा दिवा विझला की मगच गाडी चालू करावी. पहिले काही दिवस जादा माल भरू नये, गाडी ताणू नये. पहिलं ऑइल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावं.

बाजार चुकेल म्हणून मालक घाई करतो आणि मित्राला नाही म्हणवत नाही. पण लेथवाल्याकडे दोन दिवस जास्त गेले तर दोन फेऱ्याच बुडतात. घाईत बांधलेलं इंजिन पुन्हा खोलावं लागलं, तर पार्टचा खर्च दुसऱ्यांदा येतो आणि मित्रही दुरावतो.